आधी मीटर, मग पाना

पावसाळा सरत आला की दुचाकीच्या चार्जिंगबद्दलची पत्रं वाढतात. चार महिने कोकणात आणि घाटांत भिजलेल्या गाड्या ऑक्टोबरात कुरकुर करायला लागतात, आणि नेमकी तेव्हाच दिवाळीच्या सुटीतल्या लांबच्या सफरींची तयारी सुरू झालेली असते. म्हणून या वेळचं सदर बहुतेक चार्जिंगसाठीच राखलं आहे. खालचे आकडे १२ व्होल्टच्या, तीन फेजची मॅग्नेट कॉइल (इंजिन फिरताना वीज बनवणारी) असलेल्या गाड्यांना, म्हणजे आजच्या बहुतेक टूरिंग गाड्यांना लागू पडतात. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

प्रश्न : माझी एक सिलिंडरची टूरिंग गाडी ३१ हजार किलोमीटर चालली आहे. बॅटरी आठच महिन्यांपूर्वी बदलली. सप्टेंबरात दिवेआगरहून ताम्हिणीमार्गे भर पावसात परतलो. दुसऱ्या दिवशी सेल्फ मारला तर नुसती टिकटिक. बॅटरी बाहेरून चार्ज केल्यावर गाडी सुरू झाली, पण दोन दिवसांनी पुन्हा तेच. गॅरेजवाले म्हणतात, मॅग्नेट कॉइल, आरआर युनिट (कॉइलची वीज डीसी करून व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) आणि बॅटरी, तिन्ही बदला. खरंच तिन्ही गेलं असेल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तिन्ही एकदम जाऊ शकतं, पण तसं क्वचित होतं. मोजल्याशिवाय तर ते कुणालाच सांगता येणार नाही. त्यांनी कोणकोणते आकडे घेतले, हे आधी विचारा. आकडे नसतील तर पार्ट मागवू नका. तपासणी घरी होते. लागतो फक्त एक डिजिटल मल्टीमीटर, तो पुण्याच्या तपकीर गल्लीत कुठेही मिळेल. डीसी आणि एसी व्होल्ट, ओहम, डायोड आणि १० अँपिअर एवढे मोड त्यात असले की झालं.

सुरुवात बॅटरीपासून, कारण अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर घेतलेला पुढचा प्रत्येक आकडा फसवतो. बॅटरी दुचाकीच्या चार्जरने पूर्ण चार्ज करा. क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा करंट हा नियम धरला तर ९ एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरीला साधारण ०.९ अँपिअर, आणि रात्रभराचा वेळ. गाडीच्या दुकानातला मोठा चार्जर लावून तासाभरात उरकायला जाऊ नका, सीलबंद बॅटरी फुगते. चार्जर काढल्यावर किमान दोन-तीन तास तिला तशीच राहू द्या आणि मग मोजा. १२.७ ते १२.९ आलं तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जवळपास रिकामी. आता मीटर लावलेला ठेवूनच सेल्फ मारा. आकडा १० च्या आसपास थांबला तर बॅटरी ठणठणीत. ९.५ च्या खाली कोसळत असेल तर आठ महिन्यांची असली तरी ती गेली. मीटरच्या पिना बोल्टवर नाही, बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर टेकवा. बोल्टखाली गंज असेल तर दोन्ही जागी वेगवेगळा आकडा दिसतो, आणि तसा दिसला तर दोष तिथेच सापडला.

मग गाडी सुरू करा, इंजिन गरम होऊ द्या, हेडलाइट हायबीमवर ठेवा आणि पुन्हा बॅटरीवरच मोजा. ४ ते ५ हजार आरपीएमला १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. १२.५ वर अडून हळूहळू खाली सरकत असेल तर चार्जिंग होत नाही. एक जुनी सवय इथे सोडायला हवी : चालू गाडीची बॅटरी वायर काढून ‘चार्जिंग बघणं’. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ते खपून जायचं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी सुटली की व्होल्टेज क्षणात उसळतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, जळू शकतो. कुणी असं करायला लागलं तर हात धरून थांबवा.

चार्जिंग होत नाही हे ठरल्यावर कॉइलकडे धावू नका. आधी कपलर, म्हणजे वायरींचा प्लॅस्टिकचा जोड, बघा. इंजिनाच्या मॅग्नेट कव्हरमधून एकाच रंगाच्या तीन वायरी, बहुतेक गाड्यांत पिवळ्या, निघतात आणि सीटखाली किंवा साइड पॅनेलमागे एका कपलरमधून आरआर युनिटला जातात. हा कपलर सोडवून उजेडात धरा. चांगला असेल तर पांढरं प्लॅस्टिक पांढरंच असतं आणि पिना चकचकीत. बिघडलेल्यात तीनपैकी एका घराभोवती प्लॅस्टिक चहासारखं तपकिरी झालेलं दिसतं, आतली पिन निळसर-काळी पडलेली असते आणि त्या वायरीचं रबर इंचभर कडक होऊन बोटाखाली तडकतं. समुद्राकाठून आलेल्या गाडीत पिनांवर हिरवट पूडही असते. कारण साधं आहे. खारं पाणी आत शिरलं की पिनेची पकड गंजते, गंजली की तिथे रोध वाढतो, रोध वाढला की जागा तापते, आणि तापली की पकड आणखी सैल पडते. तुमच्या पत्रातला पाऊस, दिवेआगर आणि दोन दिवसांनी पुन्हा उतरणारी बॅटरी बघता पहिला संशय आम्ही इथेच घेऊ.

कपलर वितळला असेल तर त्याच कपलरला वाकवून-घासून लावू नका. खराब भाग कापून काढा, तांब्याची वायर चकाकेपर्यंत मागे जा आणि चांगल्या क्रिम्पिंग पक्कडीने जोड दाबून त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. तिन्ही वायरी कुठल्याही क्रमाने जोडल्या तरी चालतात. नुसता सोल्डर केलेला जोड लांबच्या गाडीत आम्हाला पटत नाही. सोल्डर जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते.

कपलर निर्दोष निघाला तर कॉइल मोजा. गाडी बंद, कपलर सुटा. मीटर ओहमवर ठेवून आधी दोन पिना एकमेकींना टेकवा. जो ०.२-०.३ आकडा येईल तो मीटरच्या वायरींचा, तो पुढच्या मापातून वजा करायचा. आता कॉइलकडच्या तीन पिवळ्यांच्या तीन जोड्या मोजा. प्रत्येक जोडीत साधारण ०.२ ते १ ओहम, आणि तिन्ही सारखे यायला हवेत. नंतर प्रत्येक पिवळी वायर आणि इंजिनची उघडी धातू यांच्यात मोजा. इथे मीटरने ‘ओएल’ (म्हणजे जोड नाही) दाखवलं पाहिजे. काहीही आकडा आला तर कॉइल बॉडीला लागली आहे, पुढे मोजत बसायचं कारण नाही.

ओहमचा निकाल चांगला आला म्हणून कॉइल सुटली असं नाही. मीटर एसी २०० व्होल्टवर ठेवा, कपलर सुटाच असू द्या, गाडी सुरू करा आणि पुन्हा तिन्ही जोड्या बघा. आयडलला साधारण १५ ते २०, आणि ५ हजारांना ५० ते ७५ व्होल्टच्या दरम्यान यावेत. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो. महत्त्वाचं हे की तिन्ही जोड्या एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. एक जोडी बरोबर आणि उरलेल्या दोन पडलेल्या असतील, तर त्या दोन्हींत जी वायर सामाईक आहे ती दोषी. हे व्होल्टेज चांगला झटका देतं, म्हणून पिनांच्या धातूला बोट लावू नका. आणि हे माप दोनदा घ्या : एकदा थंड गाडीवर, एकदा वीस-पंचवीस मिनिटं चालवून आल्यावर. कॉइलच्या तारेवरचं वार्निश जळायला लागलं की थंडीत ती शहाण्यासारखी वागते आणि तापली की आतल्या आत शॉर्ट होते. ‘गॅरेजमध्ये नेली की बरोबर चालते’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

कॉइल उत्तम, कपलर उत्तम, तरी बॅटरीवर १४ येत नाहीत? मग आरआर युनिटच्या आधी त्याच्यापासून बॅटरीपर्यंतचा रस्ता तपासा. कपलर परत जोडा, गाडी ४ हजारांवर, लाइट चालू. मीटर डीसीवर ठेवून एक पिन आरआरच्या लाल वायरीवर मागच्या बाजूने खुपसा, दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. ०.२ व्होल्टच्या आत यायला हवं. तसंच काळ्या किंवा हिरव्या वायरीपासून निगेटिव्हपर्यंत. इथे अर्धा-पाऊण व्होल्ट सापडला तर मधला फ्यूज होल्डर किंवा अर्थिंगचा बोल्ट खराब आहे. रस्ताही स्वच्छ निघाला तरच दोष आरआरवर येतो. डायोड मोडवर प्रत्येक पिवळी ते लाल मोजा : एका दिशेने ०.४ ते ०.६, पिना उलटल्यावर ‘ओएल’. दोन्हीकडे आकडा किंवा दोन्हीकडे ओएल असेल तर युनिट नक्की गेलं. मात्र डायोड पास झाले म्हणून युनिट चांगलं असं म्हणता येत नाही, कारण व्होल्टेज आवरणारा भाग या तपासणीत येतच नाही.

गॅरेजवाल्यांची एक बाजूही सांगायला हवी. कॉइल खरंच जळलेली निघाली तर आरआर तपासणं भागच आहे. आरआर आतून शॉर्ट असेल तर नवी कॉइलही त्याच वाटेने जाते. म्हणजे ही दोन मिळून बदलण्यात कधी कधी अर्थ असतो, पण बॅटरी त्यात ओढण्याआधी वरची पहिली तपासणी करा. कॉइल बदलताना कव्हरची गॅस्केट नवीच लावा. साइड स्टँडवर कव्हर उघडलं तर डावीकडे तेल सांडतं, म्हणून गाडी सरळ उभी करा आणि तेल आधी काढून घ्या. मॅग्नेटची ओढ जबर असते. कव्हर सुटताना आणि बसताना बोटं फटीत ठेवू नका.

प्रश्न : कामानिमित्त गाडी आठ-दहा दिवस पार्किंगमध्ये उभी राहते. परत आलो की बॅटरी उतरलेली. जीपीएस ट्रॅकर आणि यूएसबी चार्जर लावलेला आहे. बायको एक दिवसाआड पाच मिनिटं गाडी सुरू करून ठेवते, तरी उपयोग नाही. चार्जिंगमध्येच दोष आहे का?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : चार्जिंगपेक्षा गळतीचा संशय जास्त आहे. चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून तो वायर आणि टर्मिनलच्या मध्ये जोडा. दोन-तीन मिनिटं थांबा, ईसीयू झोपी जायला वेळ लागतो. मग आकडा अगदी लहान असेल तर मिलिअँपिअरच्या खाचेत या. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवू नका आणि सेल्फचं बटण तर मुळीच दाबू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

घड्याळ आणि ईसीयूची भूक १ ते ५ मिलिअँपिअर असते. तुमच्याकडे ट्रॅकर आणि चार्जर धरून समजा ४० निघाले. ४० मिलिअँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला जवळपास १ एएच. ९ एएचची बॅटरी पाच दिवसांत निम्मी होते आणि आठव्या-नवव्या दिवशी सेल्फ घेत नाही. तुमची तक्रार नेमकी हीच आहे. आता पाच मिनिटांच्या आयडलचा हिशोब बघा. आयडलला गाडीचा स्वतःचा खर्च भागवून बॅटरीकडे जेमतेम एक-दीड अँपिअर जातो. पाच मिनिटांत साधारण ०.१ एएच जमा, त्यातला निम्मा सेल्फनेच खाल्लेला. रोजच्या १ एएचपुढे हे काहीच नाही, आणि थंड इंजिनात वाफ साचून तेल खराब होतं ते वेगळंच. वहिनींना हा त्रास देऊ नका.

एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडेल तीच लाइन. सगळे फ्यूज काढूनही गळती उरली तर आरआरचा कपलर काढून बघा, गळका डायोड फ्यूजला न विचारता बॅटरी पितो. यूएसबी चार्जर थेट बॅटरीवरून काढून चावीच्या लाइनवर चालणाऱ्या रिलेवर (विजेने चालू-बंद होणारा स्विच) घ्या. त्यातला छोटा निळा दिवा आणि व्होल्टमीटरच रात्रंदिवस खात असतो. ट्रॅकर हवाच असेल तर पार्किंगमध्ये प्लग आहे का बघा आणि १३.५ च्या आसपास आपोआप स्थिरावणारा मेंटेनन्स चार्जर लावून जा.

प्रश्न : विद्यापीठ चौकात किंवा चांदणी चौकाकडे अडकलो की हँडलवरचा व्होल्टमीटर १३.१ दाखवतो. मोकळ्या रस्त्यावर १४.१ असतो. आरआर बिघडत चाललंय का?
— एक वाचिका, पाषाण

उत्तर : नाही, ही निरोगी गाडी आहे. आयडलला कॉइल कमी बनवते, त्यात रेडिएटरचा पंखा सुरू झाला की तो एकटाच तीन-चार अँपिअर ओढतो. शिवाय हँडलवरचा मीटर लांबच्या वायरीवरून वाचतो, त्यामुळे बॅटरीपेक्षा दोन-तीन दशांश कमी दाखवतो. एकदा खऱ्या मीटरशी ताडून फरक लक्षात ठेवा. गर्दीत १२.५ च्या खाली उतरत राहिला, किंवा रस्ता मोकळा झाल्यावरही १३.५ च्या वर चढला नाही, तर तपासा. आणि कधी १५ च्या वर गेला तर त्याच दिवशी गाडी उभी करा. ते आरआरचं काम आहे. बॅटरी उकळते, फुगते, बल्ब उडतात, आणि ईसीयूला धोका पोचतो.

प्रश्न : जूनमध्ये स्पितीला जायचं आहे. ४० वॉटचे दोन फॉग लॅम्प, हीटेड ग्रिप आणि मोबाइल चार्जर लावायचा विचार आहे. मॅन्युअलमध्ये कॉइलची क्षमता २३० वॉट लिहिली आहे. पुरेल ना?
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : सगळं एकदम लावलं तर पुरणार नाही. २३० वॉट हा आकडा साधारण ५ हजार आरपीएमचा असतो, २ हजारांना त्याच्या निम्म्याच्या आसपास धरा. आता गाडीचा स्वतःचा खर्च मांडा. ईसीयू, पंप, इंजेक्टर आणि इग्निशन मिळून ६० ते ८० वॉट. हॅलोजन हेडलाइट ५५, आणि एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांत तो दिवसाही चालूच असतो. मागचा दिवा आणि मीटर १०. पंखा लागला तर आणखी ४०. म्हणजे १६५ ते १८५ वॉट आधीच गेले आणि हायवेच्या वेगालाही तुमच्यासाठी ४५ ते ६५ उरतात. तुम्हाला हवेत लॅम्पचे ८०, ग्रिपचे ३५ आणि मोबाइलचे १५, असे १३०. स्पितीत तर दिवसभर दुसऱ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर चढायचं असतं. बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होत जाईल आणि पहाटेच्या थंडीत उत्तर देईल. शून्य अंशाला शिशाच्या बॅटरीची ताकद जवळपास पाचव्या हिश्शाने कमी होते आणि इंजिनातलं तेलही जड झालेलं असतं.

आमचा सल्ला : प्रत्येकी १५-२० वॉटचे लॅम्प घ्या आणि लॅम्प व ग्रिप एका वेळी चालवू नका. हेडलाइटही एलईडी असलेल्या गाडीत पंचवीस-तीस वॉट वाचतात, तिथे हिशोब थोडा सैल होतो. डब्यावरच्या वॉटवर मात्र विश्वास ठेवू नका. दुकानातच बॅटरीला जोडून करंट मोजा. ‘६० वॉट’ छापलेला दिवा १.२ अँपिअर घेत असेल तर तो १६ वॉटचाच आहे.

वायरिंग जिथे-तिथे चुकतं म्हणून सविस्तर सांगतो. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून अर्ध्या फुटाच्या आत फ्यूज. फ्यूज दिव्याला नाही, वायरीला वाचवण्यासाठी असतो, त्यामुळे तो दिव्याजवळ लावून उपयोग नाही. दोन २० वॉटचे दिवे म्हणजे ४० भागिले १३.५, सुमारे ३ अँपिअर. त्याला ५ चा फ्यूज आणि १.५ स्क्वेअर एमएमची वायर. चार पिनांचा रिले : ३० ला फ्यूजवरून आलेली वायर, ८७ ला दिवे, ८५ ला अर्थिंग, ८६ ला पार्किंग लाइटच्या लाइनवरून स्विचमार्गे येणारी वायर. असं केलं की चावी बंद झाली की दिवेही बंद. दिव्यांचं अर्थिंग रंगवलेल्या चेसिसवर न देता थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर आणा. मूळ हार्नेसला दाबून बसवायचे ते निळे-लाल क्लिप वापरू नका. ते तांब्याचे धागे कापतात आणि तिथून पाणी शिरतं. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, गळ्याशी एकही वायर ताणली जाता कामा नये.

प्रश्न : लिथियमची हलकी बॅटरी लांबच्या प्रवासाला घ्यावी का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : पुणे-कोकण-गोव्यासाठी हरकत नाही, हिमालयासाठी घेऊ नका. थंडीत ती पहाटे मरगळलेली असते (हेडलाइट मिनिटभर लावून ती थोडी तापवावी लागते), आणि शून्याखाली चार्ज होणं तिला मानवत नाही. चार्जिंग १४.६ च्या वर जाता कामा नये, म्हणून बसवण्याआधी तुमचं आरआर किती देतं ते मोजा. विश्रांतीत तिचा आकडा १३.२-१३.३ असतो, शिशाच्या बॅटरीचं कोष्टक तिला लावू नका. आणि लहान गावात बॅटरी बसली तर सीलबंद शिशाची मिळण्याची आशा असते, लिथियमची जवळजवळ नाही.

प्रश्न : डिसेंबरात कन्याकुमारीला जाऊन यायचं आहे, तीन हजार किलोमीटरच्या वर होईल. निघण्याआधी सर्व्हिसिंग करणारच आहे. आणखी काय बघावं?
— एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका, दोन-तीन आठवडे आधी करा. उघडलेला प्रत्येक बोल्ट सैल राहू शकतो आणि ते घराजवळच कळलेलं बरं. नंतर पूर्ण सामान लादून महाबळेश्वरला जाऊन या. खंबाटकी आणि पसरणी हे दोन घाट ब्रेक, क्लच आणि सामानाची बांधणी तिन्ही दाखवून देतात.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष चेनकडे होतं. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने ओढा. अर्धा दात उघडा पडत असेल तर चेन संपली. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला, जुन्या दातांवर नवी चेन काही हजार किलोमीटरांत खराब होते. सैलपणा मॅन्युअलप्रमाणे, रस्त्याच्या गाड्यांत बहुधा २५ ते ३५ मिलिमीटर, पण चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा आणि जिथे चेन सगळ्यात घट्ट लागते तिथला आकडा धरा. सैल जागेवर मोजून ताणली तर घट्ट जागी ती गिअरबॉक्सच्या शाफ्टवर ओढ घेते आणि बेअरिंग खाते. ओ-रिंगची चेन पेट्रोलने धुऊ नका, रिंगा फुगून फुटतात आणि आतलं ग्रीस निघून जातं. रॉकेल किंवा चेन क्लीनर आणि मऊ ब्रश वापरा. तेल चेन गरम असताना, आतल्या बाजूने लावा आणि अर्धा तास गाडी हलवू नका. निघताना लावलं तर ते चेनवर न राहता रिमवर उडतं. प्रवासात दर ५०० किलोमीटरला, पाऊस लागला तर त्याच संध्याकाळी.

ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदला. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. सामान लादून लांब घाट उतरताना लिव्हर अचानक मऊ लागतो तो यामुळे. पॅडचं अस्तर दीड-दोन मिलिमीटर उरलं असेल तर इथेच बदलून निघा. इंजिन तेल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं आणि जासो एमए२ (दुचाकीच्या ओल्या क्लचसाठीचा दर्जा) असलेलं घ्या. कारचं तेल घातलं तर क्लच घसरतो. क्लच केबल जुनी असेल तर नवी बसवा आणि जुनी चालती केबल नव्याच्या शेजारून टेपने बांधून टाका, तुटली तर दहा मिनिटांत बदलता येते. पॅड आणि केबल, दोन्ही मूळ पार्ट पुण्यात नाना पेठेत मिळतील, पॅकिंगवरचा पार्ट नंबर मात्र जुळवून घ्या. टायरचा दाब सामानासह प्रवासासाठी दिलेला धरा आणि सकाळी थंड टायरवर मोजा. प्रेशर पंपाने धुताना फवारा चाकाच्या बेअरिंगवर, चेनवर आणि सीटखालच्या कपलरांवर मारू देऊ नका. निम्मे कपलर तिथेच बिघडतात.

प्रश्न : आडवाटेला चार्जिंग बंद पडलं तर गाडी कशी बाहेर काढायची?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : व्होल्टमीटर १२.५ च्या खाली घसरतोय हे दिसल्याबरोबर, इंजिन बंद न करता, जमेल तेवढा भार कमी करा : फॉग, ग्रिप, मोबाइल. दिवस असेल आणि हेडलाइटचा वेगळा फ्यूज असेल तर तो काढा. इंजेक्शनची गाडी स्वतःला ५ अँपिअरच्या आसपास घेते. पूर्ण भरलेली ९ एएचची निरोगी बॅटरी तेवढ्यावर तासभराच्या आसपास चालवते, हॅलोजन चालू असेल तर त्याच्या निम्माच वेळ. तेवढ्यात मोठा रस्ता किंवा वीज असलेला ढाबा गाठायचा. वाटेत इंजिन बंद करू नका. पुन्हा सेल्फ मारायला बॅटरीत जोर उरलेला नसेल, आणि बॅटरी पार बसलेली असेल तर धक्का मारूनही पंपाला वीज मिळत नाही.

थांबल्यावर आधी फ्यूज, मग तीन पिवळ्यांचा कपलर. रस्त्यातल्या बिघाडांपैकी पुष्कळ इथेच सुटतात. सोबत एवढं असू द्या : छोटा मीटर, १०, १५, २० आणि गाडीतल्या मुख्य फ्यूजचे दोन-दोन नग, दोन मीटर २.५ स्क्वेअर एमएमची वायर, क्रिम्पिंगची सहा टोकं, टेप, आणि लांबच्या वाटेला एक चांगलं जुनं आरआर. एक अँपिअरचा चार्जर पिशवीत मावतो. ढाब्यावर पाच-सहा तास लावला की पुढचा टप्पा निघतो. कारवरून जम्प देताना कारचं इंजिन बंद ठेवा. आणि बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी काढा, जोडताना ती शेवटी लावा. उलटं केलंत आणि पाना पॉझिटिव्हवर असताना चेसिसला टेकला, तर मेन फ्यूजच्याही अलीकडे शॉर्ट होतो आणि पाना तिथेच चिकटून लाल होतो.